तुमची माहिती सरकारकडे आणि कंपनीकडे: नियम कुठे बदलतात, गळती कुठून होते

जन्माची नोंद करताना कुणी ‘अटी मान्य आहेत’ अशी चौकट पुढे करत नाही. कर भरताना, जमीन नावावर करताना, वाहन परवाना काढताना माहिती द्यावीच लागते. नाही दिली तर काम अडतं, कधी दंडही होतो. ॲप घेताना मात्र ‘मान्य’वर बोट ठेवल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडत नाही. सरकार माहिती घेतं ते कायद्याने दिलेल्या अधिकारात. कंपनी घेते ती बहुतेक वेळा तुमच्या संमतीवर किंवा तुमच्याशी झालेल्या कराराच्या आधारावर. बाकीचे बरेच फरक याच एका फरकातून निघतात.

त्यामुळे ‘सरकार जास्त भरवशाचं की कंपनी’ या वादातून फारसं काही हाती लागत नाही. कुठलीही नोंद समोर आली की दोन गोष्टी विचाराव्यात. ही माहिती द्यायला नाही म्हणण्याची सोय होती का? आणि ज्या कामासाठी दिली, त्या कामाबाहेर ती कुणाकुणाच्या हाती जाऊ शकते? पहिल्या प्रश्नावर सगळे तावातावाने बोलतात. नुकसान बहुधा दुसऱ्यामुळे होतं.

नाही म्हणता येत नाही तेव्हा

संमतीची सोय नसेल तर तिची उणीव मर्यादा घालून भरून काढावी लागते. हे सगळ्यात स्वच्छ मांडलं जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने, १५ डिसेंबर १९८३ च्या जनगणना निकालात. जनगणनेत घेतलेली माहिती नगरपालिकांच्या रहिवासी नोंदींशी ताडून बघण्याची तरतूद न्यायालयाने रद्द केली. आपल्याबद्दलची माहिती कुणी कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क मुळात त्या माणसाचा आहे, असं त्यात म्हटलं आहे. संगणक आल्यावर ‘किरकोळ’ अशी माहिती उरलेलीच नाही, हेही त्याच निकालात आहे. एकटी असताना निरुपद्रवी वाटणारी नोंद दुसऱ्या नोंदीशेजारी ठेवली की तिचा अर्थ बदलतो.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याबरोबर सरकारला लावायची मोजपट्टीही पुढे आली: माहिती घेण्यामागे कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि जेवढी घेतली ती त्या हेतूच्या मानाने प्रमाणात हवी. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात ही मोजपट्टी प्रत्यक्ष वापरली गेली. कल्याणकारी योजनांसाठीचा वापर टिकला, पण आधार कायद्याच्या कलम ५७ च्या ज्या भागामुळे खासगी कंपन्यांना आधार मागता येत होतं तो रद्द झाला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बँका आणि दूरसंचार कंपन्यांसाठी ऐच्छिक वापराची वाट पुन्हा उघडण्यात आली. क्रमांक तोच, माणूस तोच. मागणारा कोण आणि कशासाठी, एवढ्यावरून कायद्याचं उत्तर बदललं.

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात माहिती वापरण्याचे सहा वैध आधार दिले आहेत आणि संमती हा त्यातला फक्त एक आहे. सरकारी खाती बहुतेक वेळा ‘कायदेशीर बंधन’ किंवा ‘सार्वजनिक काम’ या आधारांवर चालतात. इथेच पुष्कळांची गफलत होते. माहिती पुसून घेण्याच्या हक्काबद्दल वाचून ते करखात्याकडे अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो, कारण अशा आधारांवर ठेवलेल्या नोंदींना तो हक्क लागूच होत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची आखणीही तशीच आहे: काम संपल्यावर माहिती पुसण्याचं बंधन कंपन्यांवर आहे, राज्यसंस्थेवर नाही. तेव्हा सरकारी नोंदीबाबत पुसण्यापेक्षा दुरुस्ती मागावी. ती मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

सरकारी म्हणजे गुप्त, असं नाही

सरकारी नोंदींत दोन अगदी वेगळे प्रकार असतात. काही कायद्यानेच बंद असतात. भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या नोंदी कुणाला तपासायला मिळत नाहीत आणि पुरावा म्हणूनही सहसा चालत नाहीत. अमेरिकेत माणसांच्या नावानिशी असलेले जनगणनेचे कागद ७२ वर्षं बंद राहतात. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी मुद्दाम खुल्या ठेवलेल्या असतात. जमीन विकत घेणाऱ्याला खरा मालक कोण हे कळलं पाहिजे, मतदाराला यादीतली बोगस नावं दाखवता आली पाहिजेत. स्वीडनने तर १७६६ मध्येच सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांना दिला.

या खुलेपणामागचं एक गृहीतक मात्र मोडलं आहे. जोवर नोंदवही कपाटात होती तोवर ती बघायला कचेरीत जावं लागे, अर्ज करावा लागे, पानं उलटावी लागत. हा त्रास म्हणजेच संरक्षण होतं, पण ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. वही जशीच्या तशी संकेतस्थळावर आली आणि संरक्षण कुणी न काढता निघून गेलं. जी नोंद एकेक करून कुणीही पाहावी अशी होती, ती आता एका रात्रीत लाखोंच्या संख्येने उतरवून घेता येते.

अमेरिकेला हे इंटरनेट येण्याआधीच कळलं होतं. थोडी फी भरली की वाहन नोंदणीवरून कुणाचाही पत्ता मिळत असे. १९८९ मध्ये एका तरुण अभिनेत्रीचा पत्ता अशाच नोंदीतून खासगी गुप्तहेरामार्फत काढला गेला आणि तिच्या दारात तिचा खून झाला. १९९४ मध्ये संसदेने वाहनचालकांच्या नोंदी बंद करणारा कायदा केला. त्यातही विमा कंपन्या आणि परवानाधारक गुप्तहेर यांच्यासाठी अपवाद शिल्लक आहेत.

बंद किंवा खुली, याच्या मधले मार्गही आहेत आणि ते फार दुर्लक्षित राहतात. ब्रिटनमध्ये मतदार यादीच्या दोन आवृत्त्या निघतात: पूर्ण यादी ठरावीक कामांसाठीच, आणि खुली यादी कुणालाही विकत मिळणारी. खुल्या यादीतून नाव काढायला एक अर्ज पुरतो, मताधिकाराला धक्का लागत नाही. नॉर्वेत करपात्र उत्पन्न बघता येतं, पण २०१४ पासून ते कुणी पाहिलं हे ज्याचं त्याला कळतं. हा नियम येताच चौकशा झपाट्याने घटल्या. एस्टोनियात तर अनेक सरकारी नोंदवह्यांमध्ये आपली नोंद कोणत्या खात्याने कधी उघडली ते नागरिकाला स्वतः पाहता येतं. आमच्या मते कुलूप लावण्याइतकंच हे परिणामकारक आहे. बघणाऱ्यालाही कुणीतरी बघतंय, एवढं पुरेसं असतं.

खासगीपणाच्या नावाने उलटं टोकही गाठता येतं, आणि त्याची काळजी वाटते. भारताच्या माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारताना आधी पाहावं लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, जनहित मोठं आहे का. डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधल्या या अटी काढून टाकल्या. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढं कारण पुरतं. जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये अजून आहे, म्हणून अर्ज करणाऱ्याने त्या कलमाचा उल्लेख अर्जातच करावा आणि जनहित काय ते दोन ओळींत लिहावं.

कंपनीकडे तुम्ही दिलेल्याहून जास्त असतं

सरकारी अर्जात रकाने मोजके असतात आणि तुम्हाला दिसतात. कंपनीकडच्या माहितीचे थर तीन. तुम्ही स्वतः भरलेली: नाव, पत्ता, फोन. तुमच्या वागण्यातून टिपलेली: काय उघडलं, कुठे थांबलात, किती वाजता. आणि या दोन्हीवरून काढलेले अंदाज: उत्पन्नाचा गट, आजाराची शक्यता, कर्ज फेडण्याची ऐपत. तिसरा थर तुम्ही कधी दिलेलाच नसतो, तरी निर्णय बहुतेक त्याच्यावर होतात.

ठावठिकाण्याची एक नोंद जवळून पाहू. तिच्यात चारच गोष्टी असतात: फोनचा जाहिरात-क्रमांक (जाहिरातदारांना तो फोन ओळखता यावा म्हणून दिलेला), अक्षांश, रेखांश, वेळ. नाव नाही, फोन नंबर नाही. म्हणून कंपनी तिला ‘निनावी’ म्हणते. पण अक्षांश दशांश चिन्हापुढे पाच अंकांपर्यंत लिहिला तर त्याचा शेवटचा अंक साधारण एक मीटर दाखवतो. फोनची अचूकता तेवढी नसली, चूक काही मीटरची असली, तरी घर ओळखायला ती पुरते. सलग वीस रात्री दोन वाजता ठिपका एकाच इमारतीवर असेल तर ते घर. दिवसा अकरा वाजता असतो ती नोकरीची जागा. असं घर आणि अशी नोकरी असलेली माणसं किती असणार? बहुतेक वेळा एकच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. अँटेनाच्या टप्प्याएवढी ढोबळ जागा आणि तासाच्या हिशेबात वेळ, असे चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले.

नाव खोडणं म्हणजे ओळख पुसणं नव्हे, हे सरकारी नोंदींनाही तितकंच लागू आहे. नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या. लतान्या स्वीनी तेव्हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिन कोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद हाती आली. इथे चोरी झालेली नाही, कुलूप तुटलेलं नाही. एक खुली नोंद आणि एक ‘निनावी’ नोंद, दोन्ही कायदेशीर, फक्त एकत्र आल्या. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड या तिन्हींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकटे ओळखू येऊ शकतात, असा अंदाज स्वीनी यांनी पुढे १९९० च्या जनगणनेवरून मांडला. अर्जात हे तीन रकाने एकत्र दिसले आणि काम फक्त आकडेवारीचं असलं, तर पूर्ण तारखेऐवजी जन्मवर्ष चालेल का, हे विचारावं. बऱ्याचदा चालतं.

मधल्या भिंतीला दार आहे

सरकार आणि कंपन्या हे दोन वेगळे डबे आहेत असं धरून कायदे लिहिले गेले. प्रत्यक्षात माहिती दोन्हीकडे ये-जा करते. जमिनीच्या, न्यायालयाच्या, मतदारांच्या खुल्या नोंदी डेटा ब्रोकर, म्हणजे माहितीचे दलाल, गोळा करतात. त्यात खरेदीचा, मोबाइलचा, ॲपचा तपशील मिसळतात आणि पूर्ण माणूस तयार करून विकतात. घेणाऱ्यांत बँका असतात, जाहिरातदार असतात आणि सरकारी यंत्रणाही असतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात निकाल दिला. पोलिसांनी एका संशयिताचा १२७ दिवसांचा मोबाइल ठावठिकाणा, एकूण १२,८९८ नोंदी, कंपनीकडून मिळवला होता. अशा नोंदींसाठी एरवी न्यायाधीशाचं वॉरंट लागेल, असं न्यायालयाने ठरवलं. पण जी माहिती बाजारात पैसे टाकून मिळते तिला वॉरंट कशाला, हा युक्तिवाद शिल्लक राहिला. तिथल्या गुप्तचर यंत्रणा अशी माहिती विकत घेतात, हे जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या त्यांच्याच अहवालात नमूद आहे. म्हणजे टॉर्चसारख्या साध्या ॲपला दिलेली ठावठिकाण्याची परवानगी शेवटी कुठे पोहोचेल, हे ती देताना कळायला मार्ग नसतो.

हेतू बदलण्याचा धोका दोन्हीकडे आहे, वेग मात्र वेगळा. सरकारी नोंद दशकानुदशकं राहते, सरकारं बदलतात. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार शिस्तीत ठेवलेल्या होत्या आणि त्यात धर्माचा रकानाही होता. नाझी सैन्य आल्यावर ज्यू कुटुंबं शोधायला त्याच नोंदी कामी आल्या. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली ती म्हणूनच. माहिती गोळा केली तेव्हा कुणाचाही हेतू वाईट नव्हता. रकाना होता, एवढंच.

कंपनीच्या बाबतीत तिचं धोरण तिच्यापेक्षा जास्त जगत नाही. ट्वेंटीथ्री अँड मी ही डीएनए तपासणारी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्याकडची सगळ्यात मौल्यवान मालमत्ता होती ग्राहकांची जनुकीय माहिती, आणि ती विक्रीला निघाली. अनेकांनी घाईघाईने खाती बंद केली. पासवर्ड बदलता येतो, पत्ताही बदलतो. डीएनए बदलत नाही, आणि त्यात भावाबहिणींचीही माहिती असते ज्यांनी कशालाच ‘मान्य’ म्हटलेलं नसतं.

फुटते ती अशी

मोठ्या गळत्यांची कारणं ऐकायला साधी असतात. २००७ मध्ये ब्रिटनच्या कर खात्याने बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची, म्हणजे अडीच कोटी लोकांची, माहिती दोन सीडींवर घालून नोंद न होणाऱ्या अंतर्गत टपालाने लेखापरीक्षकांकडे पाठवली. त्या पोहोचल्याच नाहीत. लेखापरीक्षकांनी बँक खात्यांचे तपशील मागितले नव्हते, वगळायला सांगितलं होतं; पण रकाने गाळायला खर्च येईल म्हणून सगळंच पाठवलं गेलं. सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात बदलून ठेवणं, नव्हतं.

२०१७ मध्ये पतमानांकन करणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. ज्या सॉफ्टवेअरमधून चोर शिरले त्यातली दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, ती बसवली गेली नाही. बाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र कित्येक महिने आधी संपलेलं होतं, म्हणून ते यंत्र आंधळं झालं होतं. यातल्या बहुतेक लोकांचा इक्विफॅक्सशी थेट करार कधी झालाच नव्हता. त्यांच्या बँकांनी माहिती पुरवली होती. कंपनीला नाही म्हणता येतं हे नेहमी खरं नसतं ते असं.

अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून २.१५ कोटी लोकांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यांत ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. सरकार असो वा कंपनी, जे साठवलं नाही ते फुटत नाही. म्हणून माहिती देताना भांडायचं ते सुरक्षेच्या आश्वासनावर नव्हे, रकान्यांच्या संख्येवर.

आपली माहिती मागायची कशी

क्रम महत्त्वाचा: आधी प्रत मागा, मग दुरुस्त करा, शेवटी पुसायला सांगा. खातं आधी बंद केलं तर ‘तुमची नोंद सापडत नाही’ हे उत्तर येतं आणि काय काय होतं ते कधीच कळत नाही. ‘निष्क्रिय करा’ आणि ‘कायमचं हटवा’ हे दोन वेगळे पर्याय असतात. पहिल्यात माहिती जागच्या जागी राहते.

कंपनीच्या गोपनीयता धोरणात शेवटी डेटा संरक्षण किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. अर्ज त्याच ईमेलवरून पाठवा जो खात्याला जोडलेला आहे, म्हणजे ओळखीसाठी वेगळा कागद मागायला कारण उरत नाही. ‘माझी सगळी माहिती द्या’ एवढं लिहिलं तर तुम्ही भरलेला अर्जच परत येतो. म्हणून स्पष्ट लिहा: माझ्याबद्दल नोंदलेली आणि माझ्याबद्दल अनुमानाने काढलेली माहिती, ती कुठून मिळाली, कोणत्या कामासाठी वापरली, कुणाला दिली, त्यांची नावं, किती काळ ठेवणार. उत्तराला जीडीपीआरखाली एक महिना मिळतो, गुंतागुंत असेल तर आणखी दोन. कॅलिफोर्नियात ४५ दिवस. भारतात सरकारी कार्यालयातल्या स्वतःच्या नोंदीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज चालतो, मुदत ३० दिवस. अर्जाची तारीख आणि पोच जपून ठेवा; पुढच्या तक्रारीत पहिला प्रश्न तोच येतो.

ओळखपत्र मागितलंच तर प्रतीवर आडवं लिहा: कुणाला दिलं, कशासाठी, कोणत्या तारखेला. लिखाण फोटोवरून आणि क्रमांकाजवळून जाईल असं असावं, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. क्रमांकाचे सगळे अंक लागत नसतील तर झाका.

चूक दुरुस्त करताना मूळ नोंदीपासून सुरुवात करा. सरकारी नोंदवहीत नावाची चूक असेल आणि तुम्ही ती फक्त बँकेत सुधारली, तर पुढच्या पडताळणीत ती परत उगवते. उलट मूळ नोंद सुधारली तरी आधीच उचलून नेलेल्या प्रती आपोआप बदलत नाहीत. जीडीपीआरच्या कलम १९ प्रमाणे दुरुस्ती ज्यांना ज्यांना माहिती दिली त्यांनाही कळवावी लागते, आणि ते कोण हे विचारल्यास सांगावं लागतं. इतरत्रही ही यादी मागायला हरकत नाही.

शोधयंत्राचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी गूगलविरुद्ध निकाल दिला तो एका स्पॅनिश माणसाच्या जुन्या थकबाकी वसुलीच्या जाहिरातीबद्दल होता. वर्तमानपत्रातली नोटीस कायद्याने छापलेली, ती तिथेच राहिली. त्याच्या नावाने शोधल्यावर ती दिसणं तेवढं बंद करावं लागलं. मूळ नोंद हटत नसेल तर तिच्यापर्यंत नेणारा दुवा हटवून मागता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

फोनमध्ये दोन गोष्टी आजच करता येतील. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये खासगीपणाच्या भागात जाहिरात आयडी, म्हणजे वर आलेला जाहिरात-क्रमांक, हटवण्याचा पर्याय आहे. आयफोनवर ॲपना माग काढण्याची परवानगी मागण्यापासूनच रोखता येतं. मग ठावठिकाण्याच्या परवानग्यांची यादी उघडा. ‘नेहमी’ असं जिथे दिसेल तिथे ‘वापरताना फक्त’ करा, आणि ‘अचूक ठिकाण’ फक्त नकाशासाठी चालू ठेवा.

दलालांकडची नोंद एकदा पुसून भागत नाही, कारण खुल्या सरकारी नोंदी ते पुन्हा पुन्हा उतरवून घेतात. कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या कायद्याने हे ओळखलं आहे. नोंदणीकृत सगळ्या दलालांना मिळून एकच अर्ज करता येतो, आणि त्या अर्जांची यादी दलालांनी दर ४५ दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा पुसायचं, असं बंधन त्यात आहे. जिथे असा कायदा नाही तिथे हे काम स्वतःच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं लागतं.